गट २१२: वाटपाच्या दाव्याच्या कामाच्या नोंदी

५ जून २०२३

फाइल आजपासून माझ्याकडे. वादी दोघं: आत्या (वय ७१) आणि वडील. समोर थोरल्या काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, त्याच्या दोन बहिणी, आणि गेल्या एप्रिलमध्ये त्याच्याकडून २० गुंठे खरेदी घेणारा माणूस. मिळकत दोनच: गट २१२, क्षेत्र ४ हेक्टर ६१ आर, पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) ४ आर, आणि गावठाणातलं जुनं घर. सातबाऱ्यावर आज एकट्या चुलतभावाचं नाव आहे. वहिवाटही त्याचीच.

वकीलसाहेबांनी एक तक्ता करायला सांगितलाय. साधारण १९३० पासून आजपर्यंत या जमिनीला कोणाचं नाव कधी लागलं, कशाच्या आधारे लागलं, आणि त्या वेळी कोणाला नोटीस गेली. तिसरा रकाना महत्त्वाचा का, ते विचारलं. "मुदतीचा मुद्दा आला की सांगतो," एवढंच म्हणाले.

१४ जून २०२३

आजच्या संगणकीकृत सातबाऱ्यावरून काहीच कळत नाही. नाव आहे, खाते नंबर आहे, क्षेत्र आहे, बस्स. हस्तलिखित सातबारे मात्र बोलतात. कमी झालेल्या नावाला कंस, शेजारी वर्तुळात फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, नंबर. त्या वर्तुळातल्या आकड्यांची यादी करत मागे जायचं ठरवलं.

सर्वांत जुन्या उताऱ्यावर सर्व्हे नं. ४७/२, क्षेत्र ११ एकर २० गुंठे. जमिनींच्या तुकड्यांचं सरकारी एकत्रीकरण झाल्यावर तोच गट २१२. एका एकराचे साधारण ४०.४७ आर, म्हणजे ११ एकर २० गुंठ्यांचे ४ हेक्टर ६५ आर. आजचं क्षेत्र अधिक पोटखराबा, तेवढंच. क्षेत्र जुळलं हे बरं झालं. एकत्रीकरणात ज्यांचे गट अदलाबदल झाले त्यांचे दावे निम्मे आयुष्य 'ही जमीन नक्की कोणती' यावरच अडकतात. तरी एकत्रीकरणाचा ९(३)(४) चा उतारा भूमि अभिलेखमधून मागवून ठेवला. पुढे कोणी विचारलंच तर कागद हाताशी असावा.

२२ जून २०२३

अभिलेख कक्षात १९६९ चा वारस फेरफार सापडला. अक्षर किरटं, शाई तपकिरी झालेली, पण वाचता येतं. मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला:

"खातेदार मयत. वारस १) मुलगा, सज्ञान २) मुलगा, अज्ञान, वय ११ ३) मुलगी ४) पत्नी. कुटुंब एकत्र असल्याने अ.नं. १ यांचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल करावे अशी वर्दी."

म्हणजे आजोबा १९६८ मध्ये गेल्यावर चारही वारस कागदावर आले होते. सातबाऱ्यावर मात्र एकच नाव चढलं, थोरल्या काकांचं, 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून. त्या काळी सर्रास असंच व्हायचं. सरकारला शेतसारा द्यायला एक माणूस हवा, घरात थोरला असतोच. पुढे त्याची मुलं ते नाव मालकाचं समजून चालतात. आता महसूल खातंच ए.कु.मॅ. काढून सगळ्या वारसांची नावं लावा म्हणून मोहिमा काढतं, पण मधल्या पन्नास वर्षांत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

अज्ञान वय ११ म्हणजे वडील. आत्या तेव्हा सोळा वर्षांची, लग्न व्हायचं होतं.

२८ जून २०२३

'ए.कु.मॅ.' ही तीन अक्षरं कधी गेली ते शोधत होतो. हस्तलिखित सातबारा दर दहा वर्षांनी नव्यानं लिहायचे. सत्तरच्या दशकातल्या प्रतीवर अक्षरं आहेत. ऐंशीच्या प्रतीवरही आहेत, जरा कोपऱ्यात ढकललेली. नव्वदच्या प्रतीवर नाहीत. नावाशेजारी वर्तुळ आहे, त्यात फेरफार नंबर तोच, १९६९ चा. नवा फेरफार नाही, आदेश नाही, वर्दी नाही. पुनर्लेखन करणाऱ्यानं नाव उतरवलं आणि अक्षरं सोडून दिली.

याला मी कट म्हणणार नाही. शंभर पानं नकलून काढणाऱ्या माणसाचा हात आहे हा. पण थोरल्या काकांच्या पश्चात त्यांच्या मुलानं २०१० मध्ये जी वारस नोंद केली ती या कोऱ्या झालेल्या नावावर उभी आहे.

तिन्ही प्रतींच्या सही-शिक्क्याच्या नकलांना अर्ज दिला. साध्या झेरॉक्स कोर्टात चालणार नाहीत.

३ जुलै २०२३

जमीन वडिलोपार्जित की आजोबांनी स्वतः घेतलेली, हे ठरवायला त्यामागचा फेरफार हवा होता. तो १९४४ चा, मोडीत. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे नेला. त्यांनी पुराभिलेख खात्याची मोडीची परीक्षा दिलेली आहे. त्यांनी सहा ओळी वाचल्या: पणजोबा मयत, वारस एकुलता मुलगा, नाव दाखल. विक्री नाही, कूळ नाही, बक्षीस नाही. म्हणजे आजोबांकडे जमीन बापाकडून आलेली. लिप्यंतरावर त्यांची सही घेतली. गरज पडल्यास साक्षीला येतो म्हणाले.

कुळ कायद्याचाही प्रश्न एकदाचा मिटला. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनाला, जमीन खुद्द आजोबांच्याच वहिवाटीत होती. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात कलम ४३ चा शेरा, म्हणजे जमीन कुळाला मिळाल्याची खूण, कुठेच नाही. तो असता तर दिवाणी कोर्टाच्या अधिकारापासूनच वाद सुरू झाला असता.

११ जुलै २०२३

२०१० चा फेरफार आणि त्याची संचिका मिळाली. तिसऱ्या रकान्याचं महत्त्व आज कळलं.

मुदत अधिनियम १९६३, अनुच्छेद ११०: एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलेल्या माणसानं आपला हक्क मागायला बारा वर्षं, आणि ती मोजायची वगळल्याचं *त्याला कळल्यापासून*. अनुच्छेद ६५ मध्येही बाराच, पण समोरच्याचा कब्जा 'विरुद्ध', म्हणजे आपला हक्क नाकारणारा, झाल्यापासून. फेरफार मंजूर नोव्हेंबर २०१० मध्ये. दावा आत्ता २०२३ मध्ये. नुसतं बोटावर मोजलं तर आपण गेलो.

म्हणून नोटीस पाहायची. नमुना ९ च्या, म्हणजे फेरफाराची खबर देणाऱ्या, नोटिशा थोरल्या काकांच्या मुलाला आणि त्याच्या दोन बहिणींना बजावल्यात, पोच जोडलेली आहे. आत्याचं नाव नाही. वडिलांचं नाही. ज्यांना वगळलं त्यांना कळवलंच नाही.

दुसरं, सहहिस्सेदाराचा कब्जा हा सगळ्यांच्या वतीनं समजला जातो. नुसतं एकट्यानं कसणं, एकट्याचं नाव असणं पुरत नाही. 'तुझा काही हक्क नाही' असं उघड बजावून बाहेर काढलेलं दाखवावं लागतं. सुप्रीम कोर्टानं हे १९५६ मध्येच पी. लक्ष्मी रेड्डी विरुद्ध एल. लक्ष्मी रेड्डी या निकालात सांगितलंय. साहेबांनी त्याची प्रत फाइलच्या अगदी वर लावली.

संध्याकाळी आत्याला फोन केला. "तुला त्यानं कधी वाटा दिला का?" "दिला की. ऊस गेला की बँकेत टाकायचा. दोन-तीन वर्षं झाली बंद केलं." पासबुक मागवलं.

१८ जुलै २०२३

पासबुकात २०१७, २०१८ आणि २०१९ मध्ये चुलतभावाच्या खात्यातून जमा. सातबारा एकट्याचा झाल्यावरही तो आत्याला उसाच्या बिलातून वाटा देत होता. बँकेचा प्रमाणित उतारा मागितला.

आता हिश्शाचं गणित. यावर आज दुपार गेली आणि सगळ्या कामात मला हेच सर्वांत आवडलं.

जमीन वडिलोपार्जित, आजोबा १९६८ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ च्या जुन्या कलम ६ प्रमाणे आजोबा जायच्या क्षणाआधी वाटप झालं असं धरायचं. आजोबा, आजी, दोन मुलगे: प्रत्येकी पाव. आजीचा पाव हिस्सा यात येतो हे बरेच जण विसरतात. १९७८ मध्ये गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या निकालात सुप्रीम कोर्टानं तो पक्का केला. मग आजोबांच्या पाव हिश्शाचे चार भाग, आत्यासकट, प्रत्येकी १/१६. आजी १९९१ मध्ये गेली तेव्हा तिचे ५/१६ तिघा मुलांत, म्हणजे प्रत्येकी ५/४८. या हिशेबानं आत्याला ३/४८ अधिक ५/४८, म्हणजे ८/४८, एक षष्ठांश. भावांना प्रत्येकी २०/४८.

प्रतिवादी फार तर इथपर्यंत येतील. पण ९ सप्टेंबर २००५ पासून कलम ६ बदललं आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, त्या तारखेला बाप हयात असायची गरज नाही, आणि जुन्या कलमातलं ते कल्पित वाटप म्हणजे खरं वाटप नव्हे. मग तिघं भावंडं, तीन समान हिस्से.

गंमत अशी की जमीन आजोबांची स्वकष्टार्जित धरली तरी उत्तर तेच. चार वारस, प्रत्येकी पाव, आजीचा पाव पुन्हा तिघांत: एक तृतीयांश. त्यामुळे 'वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित' यावर उगाच साक्षीदार उभे करायचे नाहीत असं ठरलं. मोडी कागद दाखल करायचा, फार ताणायचा नाही.

आत्याला आकडा सांगितला. ती गप्प राहिली आणि म्हणाली, "आणि तुझ्या बापाचा कमी होतो का त्यानं?" होतो. ५/१२ वरून १/३ वर येतो. वडिलांना हे आधीच सांगितलं होतं. "लाव तिसरा" म्हणाले.

१ ऑगस्ट २०२३

महसूल दिन. तहसीलमध्ये कार्यक्रम, नक्कल मिळणं शक्य नव्हतं. म्हणून शेतीकर्ज देणाऱ्या गावच्या विकास सोसायटीत गेलो.

गावात बोलवा आहे की समोरचे '१९७८ मध्ये तोंडी वाटप झालं' असं म्हणणार. २० डिसेंबर २००४ पूर्वीचं वाटप नवं कलम ६ मोडत नाही, पण ते नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकुमानं झालेलं हवं. तोंडी वाटप अपवाद म्हणूनच मान्य होतं, तेही सरकारी कागदांचा आधार असेल तर. १९७८ ते १९८५ ची फेरफार नोंदवही मी पान पान पाहिली. आमच्या गटाचं वाटप नाही, महसूल संहितेच्या कलम ८५ चा वाटपाचा आदेश नाही, आकारफोड (शेतसाऱ्याची विभागणी) नाही.

सोसायटीत मात्र उलट पुरावा मिळाला. सातबाऱ्याच्या इतर अधिकारात १९८६ चा कर्जाचा बोजा होता, त्याचा मूळ इकरार, म्हणजे काकांनी लिहून दिलेला करार. छापील फॉर्म, रिकाम्या जागा निळ्या शाईत भरलेल्या. 'मिळकतीचा प्रकार' या ओळीपुढे थोरल्या काकांच्या अक्षरात: "सामाईक, ए.कु.मॅ. नात्याने." खाली सही. साक्षीदार म्हणून वडिलांची सही, तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे.

वाटप झाल्याचं म्हणतात त्यानंतर आठ वर्षांनी काका स्वतःच्या हातानं 'सामाईक' लिहितात. सचिवांनी नक्कल दिली. मूळ रजिस्टर समन्स काढूनच आणावं लागेल.

१७ ऑगस्ट २०२३

दावा दाखल, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. मागण्या: दोघांच्या प्रत्येकी एक तृतीयांश हिश्शाची घोषणा, वाटप आणि स्वतंत्र कब्जा, २० गुंठ्यांचं खरेदीखत आमच्या हिश्शाला बंधनकारक नाही असा ठराव, आणि निरंतर मनाई.

कोर्ट फी आत्याला माफ, मालमत्तेच्या वादात बाईमाणसाला राज्यात सूट आहे. वडिलांच्या हिश्शापुरती भरली.

गावठाणातलं घर दाव्यात घेतल्यावर घरात कुरकुर झाली, कारण ते आमच्या ताब्यात आहे. साहेब ठाम: एकत्र कुटुंबाची एक मिळकत मागायची आणि दुसरी झाकायची, तर अपुऱ्या वाटपाचा दावा म्हणून समोरचा पहिल्याच दमात उडवेल. मला ते कायद्यापलीकडेही पटलं. आत्याचा त्या घरातही तिसरा आहे.

नुसता मनाईचा दावा का नाही, हे एका नातेवाइकानं विचारलं. नावच समोरच्याचं, कब्जाही त्याचा. अशा वेळी मालकीचा ठराव न मागता मनाई मागितली तर मिळत नाही. प्रांताकडे २०१० च्या फेरफारावर अपीलही होतं, महसूल संहितेच्या कलम २४७ खाली, साठ दिवसांची मुदत आणि विलंबमाफीचा अर्ज. नको म्हटलं. प्रांत, अपर जिल्हाधिकारी, आयुक्त, मंत्री अशी पायरी पायरी चढत लोकांची दहा-दहा वर्षं एका फेरफारावर गेलेली पाहिलीत, आणि शेवटी 'मालकी दिवाणी कोर्टात ठरवा' हेच ऐकू येतं. फेरफारानं मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. सवर्णी विरुद्ध इंदर कौर, १९९६. खरेदीदाराच्या नव्या फेरफाराला मात्र हरकत दिली, ती तक्रार नोंद झाली.

५ सप्टेंबर २०२३

समन्स बजावले, एका बहिणीचा पत्ता बदलल्यानं परत आला. दुय्यम निबंधकाकडे दावा प्रलंबित असल्याची नोटीस नोंदवली.

३० ऑक्टोबर २०२३

नि. ५ वर, म्हणजे आमच्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, हुकूम. दाव्याच्या निकालापर्यंत प्रतिवादींनी जमीन विकू नये, गहाण टाकू नये, तिऱ्हाइताचा हक्क निर्माण करू नये. कसण्याला मनाई नाही. वडील नाराज झाले. पण सहहिस्सेदाराला त्याच्या चालू वहिवाटीतून अंतरिम अर्जावर बाहेर काढत नाहीत, आणि काढलं असतं तर वरच्या कोर्टात टिकलं नसतं. आम्हाला जे हवं होतं ते मिळालं: आणखी गुंठे विकले जाणार नाहीत. खरेदीदाराच्या वकिलांनी युक्तिवादात म्हटलं की त्यानं चांगल्या हेतूनं, सातबारा बघून घेतलं. घेतलं असेलही. सहहिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो, घेणाऱ्याला वाटप मागायचा हक्क मिळतो. पण ठरावीक पश्चिम बाजूचे, रस्त्यालगतचे २० गुंठे तो कुठून देणार होता?

९ जानेवारी २०२४

प्रतिवादींची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आली. अपेक्षेप्रमाणे १९७८ चं तोंडी वाटप. त्यासोबत 'पर्यायाने' विरुद्ध कब्जा. दोन्ही एकत्र नीट बसत नाहीत: वाटपानं मालक झालास तर मालकाविरुद्ध कब्जा कोणाचा?

नवीन गोष्ट एक. १९८३ चं हक्कसोड, साध्या स्टॅम्प पेपरवर, आत्याची सही. नोंदणी नाही. झेरॉक्स घेऊन आत्याकडे गेलो. चष्मा लावून तिनं बघितलं.

"सही माझीच आहे."

"कशावर केलीस?"

"दादा म्हणाला सोसायटीला लागते. त्याच्यावर काय लिहिलंय ते कोण वाचतंय."

साहेबांना सांगितलं. सही नाकारायची नाही असं त्यांनी लगेच ठरवलं. हस्ताक्षर तज्ज्ञ, तुलना, उलटतपासात आत्याची फजिती, हे कशाला? स्थावरातला हक्क सोडण्याचं पत्र नोंदवलेलंच हवं, नोंदणी अधिनियम १९०८ कलम १७. नसेल तर कलम ४९ प्रमाणे त्यानं हक्क जात नाही. शिवाय त्यांच्याच म्हणण्यानं १९७८ मध्ये वाटप झालं असेल तर १९८३ मध्ये आत्यानं सोडला तो कोणता हक्क? आत्या शपथपत्रात खरं तेच सांगेल: सही केली, कशासाठी केली, आणि त्यानंतरही उसाचा वाटा येत राहिला.

६ मार्च २०२४

कोर्टानं वादाचे मुद्दे काढले. मिळकत एकत्र कुटुंबाची आहे का, आणि वादींचा हिस्सा किती, हे आमच्यावर. १९७८ चं वाटप, १९८३ चं हक्कसोड आणि विरुद्ध कब्जा सिद्ध करायचा भार प्रतिवादींवर. मुदतीचा मुद्दाही निघाला, तोही त्यांच्यावर. पण पासबुक आणि नमुना ९ ची पोच आम्हीच आधी पुराव्यात आणणार, वाट बघणार नाही.

पुरावा कोणापासून, यावर घरात वाद झाला. वडिलांना कागद पाठ आहेत, आत्या अडखळते. तरी आत्याच पहिली. वय ७१ आहे, आणि तिचं सांगणं ज्या मुद्द्यांवर लागतं ते इतर कोणी सांगू शकत नाही. सरतपासाचं, म्हणजे तिच्या स्वतःच्या साक्षीचं, शपथपत्र तिच्याच बोलीत, छोट्या वाक्यांत लिहायला घेतलं. ती वाचून 'हो' म्हणेल तेच ठेवायचं.

तक्त्यात आता पंचवीसच्या वर ओळी झाल्यात. 'कशाच्या आधारे' हा रकाना एकाच ओळीत रिकामा आहे, नव्वदच्या पुनर्लेखनाच्या, आणि साहेबांनी तो तसाच ठेवायला सांगितलंय. सोसायटीच्या सचिवांना रजिस्टरसह समन्स काढायचा अर्ज टाइप झालाय. पुढची तारीख २ एप्रिल, आत्याच्या शपथपत्रासाठी. त्याआधी प्रमाणित नकला दस्तऐवजांच्या यादीसोबत दाखल करायच्या, आणि मोडीच्या सरांना विचारायचं की एप्रिलमध्ये ते गावी आहेत का.